नव्या ब्राउझराच्या दरबारी परीक्षेची हकीकत

विघ्नहर्त्या गजाननास, वाणी देणाऱ्या शारदेस आणि ज्याच्या कृपेवाचून एक पान उघडत नाही त्या सर्व्हरास दंडवत घालून हकीकत लिहिली जाते ऐसीजे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, आश्विन मासी, दसरा नुकताच उलटला ते समयी, एका राज्यात (नाव पुसू नये, आम्हांसही पोट आहे) महाराज गादीवर विराजमान होते, आणि प्रजा सुखी होती, आणि प्रजा सुखी आहे हे प्रजेस वरचेवर कळविले जात होते. महाराजांची एक साइट होती. तिची चाल ऐसी की दर दसऱ्यास प्रत्येक सरदाराने तिजवर एक हलते चित्र नजर करावे, कोणी नाचता मोर, कोणी झुलता हत्ती, कोणी खुद्द महाराजांची छबी तेजोवलयासह गरगर फिरती, आणि एकदा नजर केलेले चित्र काढणे म्हणजे सरदाराचा पाणउतारा, सबब ते काढू नये. मग वर्षे लोटली, आणि मोरांचा थवा जाहला, आणि सनई तीन ठिकाणी तीन रागांत वाजू लागली, आणि साइट ऐसी जड जाहली की उघडावयास लावून मनुष्याने स्नान करावे, पूजा आटोपावी, जेवून आडवे व्हावे, तेव्हा कोठे महाराजांच्या मिशीचे एक टोक दिसावे. या साइटची राखण जनोपंत गडबोले यांजकडे होती. मनुष्य भला, कोणाच्या अध्यात ना मध्यात. नवे चित्र आले की टांगावे, वाहवा म्हणावे आणि दिवेलागणीस घरी जावे, इतकेच त्यांचे राजकारण.

जनोपंतांची थोरली बहीण सगुणाक्का ही पाणसरे नामक गावी नांदत होती. त्या गावाच्या तलावाची मोरी, जीतून पाटास पाणी सोडतात, तिचा दरवाजा ऐन दसऱ्यास तुटला, आणि तलाव अहोरात्र ओढ्यास वाहू लागला. राज्याचा नियम ऐसा की साइटवर तक्रार नोंदल्यावाचून सरकारी तलावास कोणी हात लावू नये, लावील तो गुन्हेगार. आणि तक्रारीची जागा साइटच्या पार तळाशी, सगळ्या मोरांच्या खाली. गावकरी रोज तक्रार नोंदावयास बसत, आणि राज्यमान्य जुना ब्राउझर निम्म्या मोरांपाशीच प्राण सोडी. मग अक्काने फोन केला, तो ऐकून जनोपंतांचा कान तापला.

"जनू, मेल्या, इथं तलाव रिता होत चाललाय नि तुझे मोर अजून नाचतायत! ज्वारी पेरायची आहे. पेरून काय तुझ्या महाराजांच्या मिशा बघत बसू?"

"अक्का, हळू बोल, सरकारी फोन आहे."

"असू दे सरकारी! तू तिथला राखणदार ना? मग तूच नोंद की आमची तक्रार. का खुर्चीला चिकटलास?"

मग जनोपंतांनी स्वतः करून पाहिले, आणि त्यांजपुढेही ब्राउझराने मान टाकली, आणि तेव्हा त्यांस उमगले की इतकी वर्षे आपण वरच चित्रे टांगीत आलो, खाली काय आहे हे कधी पाहिलेच नाही. त्यांस लाज वाटली. लाज वाटण्याचा सराव नसल्याने प्रथम ते तिला पित्त समजले आणि आवळकाठी चघळीत बसले. तो कोणी सांगितले की एक नवा ब्राउझर निघाला आहे, अंगाने हलका, पायाने चपळ, आणि जाहिराती व फुकटचा गोंगाट दारातच अडवितो. परंतु दरबारच्या मंजुरीवाचून राज्यात नवा ब्राउझर चालवू नये हा दुसरा नियम. मग जनोपंत दिवाण हैबतराव यांजकडे गेले.

दिवाण बोलिले, "जुन्याचे काय वाईट आहे, पंत? अदबीने चालतो. धन्यापुढे जो धावत जातो तो चाकर कसला?" आणि मग मिशीवर ताव देत बोलिले, "पण बरे आहे, परीक्षा ठेवू. दरबारास पुष्कळ दिवस करमणूक नाही."

येणेप्रमाणे दरबार भरला, भिंतीवर मोठा पडदा लागला, आणि हुकूम जाहला की प्रत्येक ब्राउझराने महाराजांची साइट उघडून दाखवावी, जो उत्तम दाखवील तो राज्यमान्य. प्रथम जुना ब्राउझर पुढे आला. तो फिरते चक्र दाखवून उभा राहिला, आणि दरबाराने विडे खाल्ले, आणि दुसऱ्यांदा विडे खाल्ले, आणि मग तो 'प्रतिसाद देत नाही' ऐसे म्हणून पांढराफटक पडला. दिवाण गहिवरून बोलिले, "पाहा, पाहा! महाराजांचे तेज सोसवले नाही, मूर्च्छा आली. निष्ठा म्हणतात ती ही!" दरबाराने माना डोलाविल्या. मग दुसरा आला. तो पळण्यात बरा, परंतु खादाड. त्याने यंत्राची सगळी मेमरी एका घासात गिळली, आणि पंखा ऐसा घोंघावला की चोपदाराची पगडी उडाली, आणि कुकी स्वीकारता काय म्हणून त्याने पुसले, तेव्हा महाराजांनी सगळ्या स्वीकारिल्या, नजराणा नाकारण्याची चाल या घराण्यात नाही. मग महाराज काय पाहतात हे त्याने चार व्यापाऱ्यांच्या कानी घातले, आणि मिशीस लावावयाची तेले चहूकडून पडद्यावर हजर जाहली. महाराज संतोषले, बोलिले, "आमची इतकी विचारपूस तर राणीवशातही होत नाही." तिसरा देखणा, परंतु सोवळ्याचा. आपल्या धन्याने घडविलेल्या महागड्या यंत्रावाचून दुसरीकडे पाऊल ठेवणार नाही म्हणाला, सबब त्यास दुरून नमस्कार करून वाटेस लाविला.

मग चौथा, नवा ब्राउझर जनोपंतांनी पुढे आणिला. त्याच्या गुणांत एक गुप्त खिडकी निघाली, ती सेनापतींच्या फार मनास आली, आणि "गुप्त म्हणजे अगदी गुप्त ना?" हे त्यांनी दोनदा पुसले, घरचे माणूस जवळ नाही हे पाहून. दुसरा गुण, इतिहास पुसण्याची कळ. एक बोट दाबले की झाले गेले साफ! हे ऐकून सरदारांची तोंडे फुलली, आणि आम्हां बखरकारांनी लेखणी घट्ट धरिली. असो. मग जनोपंतांनी साइट उघडिली. डोळ्याचे पाते लवले नाही तो पान पुढे ठाकले. पाहतात तो मोर नाही, हत्ती नाही, सनई नाही, छबी नाही, महाराजच नाहीत! कोऱ्या पांढऱ्या पानावर एकच ओळ उभी, 'तक्रार येथे नोंदवावी.'

महाराज बोलिले, "आम्ही कोठे आहो?"

जनोपंतांस उत्तर ठाऊक होते. ब्राउझर आंधळा आहे, इतके म्हटले की खुर्ची वाचत होती, वर शालजोडीही मिळती. शब्द ओठांवर आलेच होते. परंतु ती ओळ समोर उभी होती, आणि इकडे दरबार विडे खात होता तोवर तिकडे तलाव वाहतच होता, आणि अक्काचा आवाज कानातून जाईना. मग जनोपंतांनी देवाचे नाव घेतले, ओळीवर बोट दाबिले आणि भर दरबारात लिहिले, 'पाणसरे गावच्या तलावाची मोरी तुटली, पाणी वाहून जाते, दुरुस्त करावी.' पडद्यावर अक्षरे उमटली, 'आपली तक्रार नोंदली. तक्रार क्रमांक एक.'

"घात!" दिवाण ओरडिले. "महाराज, या राज्यात तक्रारच नाही, हे आम्ही दर दसऱ्यास सांगत आलो, आणि या पंताने एका बोटाने आम्हांस खोटे पाडिले!"

"पंत," महाराज बोलिले, "हे काय आरंभिले?"

जनोपंत बोलिले, "महाराज, माफी असावी. हा ब्राउझर जाहिरात तेवढी गाळतो. गाळून जे उरले ते समोर आहे. तलाव आधी थांबवावा, माझे काय करायचे ते मागाहून करावे."

महाराज त्या पांढऱ्या पानाकडे पाहून हळूच बोलिले, "म्हणजे आमची छबीही जाहिरातच?" सेनापती आपल्या जोड्याची शिवण पाहू लागले. दिवाणांस खोकला आला. महाराज उठून आत गेले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत म्हणतात, परंतु फराळ जाहला होता.

आता तक्रारीचे काय करितात हे कोणासच ठाऊक नव्हते. फेटाळावी, तर फेटाळण्याचा रिवाज पडलेला नव्हता. मग दिवाणांनी कायमचा रिवाज घातला की जो तक्रार करील त्यानेच ती निवारावी, आणि पंतांनी आजपासून साइटचे नाव घेऊ नये. खुर्ची गेली. जनोपंतांस वाईट वाटले, खोटे कशास सांगावे, पाणसऱ्याच्या वाटेवर दोनदा डोळे पुसले. मग गुडघाभर चिखलात उतरून गावकऱ्यांसमवेत त्यांनी फळ्या ठोकिल्या, चिखल-गवत कोंबिले, आणि पाणी थांबले तेव्हा निम्मा तलाव शिल्लक होता. काठावर अक्का भाकरीचे फडके घेऊन उभी होती. फडके सोडून भावाच्या चिखलाच्या हातावर भाकरी ठेवली आणि पाण्याकडे पाहत राहिली. आणि मग गावाने तो नवा ब्राउझर घेतला, आणि शेजारच्या गावाने घेतला, आणि पुढे सांगणे नलगे.

इकडे नव्या ब्राउझरास बंदी जाहली. बंदीचा हुकूम दिवाणांनी सोनेरी झळकत्या अक्षरांत, भोवती चौघडा आणि सहा नवे मोर घालून साइटच्या माथ्यावर टांगिला, खाली 'तक्रार एक, निवारण शंभर टक्के' हेही झुलते. जुन्या ब्राउझरवाल्यांस तो दिसण्यापूर्वीच मूर्च्छा येते, आणि नव्या ब्राउझरात तो दिसतच नाही. सारांश, राज्यात बंदी कडक आहे आणि ती एका दिवाणांस ठाऊक आहे. सांप्रत साइटवर तक्रारींचा पूर लोटला असून त्यांतील ताजी खुद्द दिवाण हैबतरावांची, नव्या ब्राउझरातून नोंदलेली, की बंदीचा हुकूम कोणास दिसत नाही, दिसेल ऐसे करावे. रिवाजाप्रमाणे तिचे निवारण त्यांजकडेच आले आहे. इति.