कान तुटलेला कप

आमच्या शेजारच्या सुमतीबाईंना चहाला बोलवायचं, तर आधी सिंक रिकामं करून ठेवावं लागतं. शेवटचा घोट संपला की बाई उठतात, कप घासतात, पालथा घालतात आणि मगच परत येऊन बसतात. "अहो, राहू द्या!" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "ज्याचा कप, त्याची विसळणी."

एकदा डेक्कनवरच्या हॉटेलात त्या कप घेऊन सरळ भटारखान्यात शिरल्या. मालक धावला. "आजी, आत यायला मनाई आहे."

"मग पाटी लावा. पुण्यात पाट्यांचा दुष्काळ पडलाय का?" आणि कप विसळूनच बाहेर आल्या. त्यानंतर त्या हॉटेलात जायचं मला धाडस झालेलं नाही.

बाई चित्रकलेच्या शिक्षिका. निवृत्त झाल्यावर त्यांनी मुलांसाठी एक चित्रपुस्तक करायला घेतलं, खडकीच्या अनुसूयाबाईंचं. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, मीही ऐकलं नव्हतं. देश स्वतंत्र झाला तरी त्यांच्या वस्तीला सार्वजनिक नळावर पाणी भरू देत नसत. अनुसूयाबाईंनी दारोदार फिरून सह्या गोळा केल्या, मार खाल्ला आणि नळ सगळ्यांसाठी खुला करून घेतला. हे पुस्तक रंगवण्यात बाईंची तीन वर्षं गेली. पाण्याचा रंग साधेना म्हणून आमचा नळ सोडून बघत बसायच्या.

प्रकाशकांना सगळं आवडलं. फक्त म्हणाले, "हे एक पान काढा. मुलं उदास होतील." त्या पानावर मोर्चा नव्हता. मागच्या दारची पायरी, तिच्यावर बसलेल्या अनुसूयाबाई, त्यांच्या हातात कान तुटलेला कप आणि समोर किटली धरलेली परकरातली मुलगी. बाई चित्रं उचलून घरी आल्या.

"एका पानासाठी तीन वर्षं पाण्यात घातलीत?" मी चहा देता देता चिडून म्हणालो.

"ती मुलगी मी आहे," बाई म्हणाल्या. "त्या आमच्याकडे सही मागायला आल्या होत्या. वडिलांनी सही केली. आईनं चहाही दिला, पण त्या कपात. तो कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा. चहा पिऊन त्यांनी तो स्वतः विसळला आणि पालथा ठेवला. मी नुसती उभी. 'राहू द्या, मी धुते', एवढं नाही आलं हो तोंडून. जाताना त्यांनी माझ्या गालाकडे हात नेला, आईकडे पाहिलं आणि मागे घेतला. त्यांचं धैर्य छापायचं आणि आमचा कप लपवायचा?"

मला माझ्या चिडण्याची लाज वाटली. अनुसूयाबाईंना जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

चहा संपला. बाई उठल्या, सिंकपाशी गेल्या. "राहू द्या" अगदी माझ्या ओठांवर आलं होतं, पण म्हणवेना. ते ज्यांना म्हणायचं राहून गेलं होतं, त्यांचाच कप बाई इतकी वर्षं धूत होत्या.