शेवाळातली वीज

रणपिसे सर शाळेत यायचे ते गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन. भोरची आमची शाळा अकराला भरायची. त्याआधी हे उत्रोलीच्या भातखाचरात उतरून लोणच्याच्या बरणीत पाणशेवाळ भरून आणायचे. ते शास्त्र शिकवायचे, मी शेजारच्या वर्गात गणित. दिवसाला सहा तास घेऊन माझा जीव मेटाकुटीला यायचा आणि मधल्या सुट्टीत जरा टेकावं, तर हे दारात उभे.

"चला सर, वीज बघाय."

शाळेत सूक्ष्मदर्शक एकच. खिडकीतलं ऊन आरशावर घेऊन सर त्याखाली शेवाळाचा तंतू ठेवायचे. त्याची एकेक पेशी बोटाच्या पेराएवढी. आतले हिरवट कण पाटाच्या पाण्यासारखे एका कडेनं जायचे, दुसऱ्या कडेनं परत यायचे. मग सर टॉर्चच्या सेलच्या तारा दोन्ही टोकांना टेकवायचे. प्रवाह जागच्या जागी थांबायचा.

"दिसली?"

"वीज कुठं? नुसतं थांबलंय."

"अहो, वारा तरी कुणी बघितलाय? झाड हाललं की म्हणतोच ना आपण! पेशीच्या अंगातनं वीज गेली, म्हणून थांबलं. आता डोळा काढायचा न्हाई. परत सुरू हुतंय."

त्याला पाच-सात मिनिटं लागायची. तोवर सर कानाशी बोलत राहायचे. आज आमटी खारट झाली, मार्गासनीला दिलेल्या लेकीचं पत्र नाही. बायको गेल्यापासून ते हातानं करून खात होते.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनाही त्यांनी असंच बसवलं. "साहेब, हलू नका, आत्ता सुरू हुईल." सुरू झाली ती बाहेर वेल्ह्याची एसटी, आणि साहेबांना न घेताच गेली. साहेब मुख्याध्यापकांवर भडकले, मुख्याध्यापक माझ्यावर.

"उद्या रणपिशांकडून सूक्ष्मदर्शकाच्या कपाटाची किल्ली घेऊन या. बास झालं."

दुसऱ्या दिवशी सुट्टीत गेलो. तोंड उघडणार, तर सरांनी स्टूल पुढं केलं. म्हटलं, आधी बघू, मग सांगू. प्रवाह सुरू व्हायची वाट बघता बघता मला तिथंच झोप लागली.

जाग आली ती माझा तास संपल्याच्या घंटेनं. डोळ्यावर ऊन येऊ नये म्हणून आरसा भिंतीकडे फिरवला होता. अंगावर सरांचा कोट होता. धडपडत उठतोय तोच सर आत आले, हात खडूनं पांढरे.

"तुमचा तास म्या घेतला. वर्गमूळ शिकवलंय. चुकलं असंल, उद्या बघून घ्या. लई दमला हुता, उठवलं न्हाई."

मी काही बोलायच्या आत त्यांनी खिशातली किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"सकाळीच कळलं मला. तुमाला सांगणं जड जातंय, दिसत हुतं."

त्यानंतर सुट्टीत माझ्या दारात कुणी आलं नाही. दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी डबा उचलून मीच त्यांच्याकडे गेलो. सर बाकावर सरकले. मग हळूहळू बोलायला लागले.