विष्णू यांची परवानगी

विष्णुपंतांनी स्वतःची निधनवार्ता आधीच लिहून ठेवली होती. फक्त तारीख भरायची बाकी होती. ते गेले, आणि परागनं वडिलांचा जुना कॉम्प्युटर उघडला. शेजारी सतरंजीवर बसलेल्या सुनंदाबाईंनी चष्मा पुसून वाचलं : ‘कै. सुनंदा यांचे पती.’

“मी कधी गेले रे?”

“आई, तू आयसीयूत होतीस ना, तेव्हा लिहिलं असेल.”

“डॉक्टरांवर भारीच विश्वास यांचा! काढ ते आधी. दहाव्याला घाटावर सगळ्यांसमोर मी मेलेली बसू?”

परागनं ‘कै.’ पुसलं. फाइल सेव्ह होईना. पडद्यावर आलं : बदल करण्यासाठी विष्णू यांची परवानगी घ्या.

“जन्मभर तीच घेतली,” सुनंदाबाई म्हणाल्या. “आता कुठून आणू?”

“पासवर्ड तर बाबांसोबतच गेला ना.”

दुसऱ्या नावानं ठेवायला गेला, तर त्या फोल्डरनं तेही नाकारलं. मग पेनड्राइव्हवरून फाइल सूनबाईंच्या, श्रुतीच्या, मॅक लॅपटॉपवर नेली. तिथं परवानगी कोणी मागितली नाही, पण विष्णुपंतांचा जुना मराठी फॉन्ट तिथं नव्हता. सगळा मजकूर किडामुंगीसारखा दिसू लागला.

“नवीनच लिही की!”

“आई, मराठी बोलतो मी, पण इथली शाळा हिंदीच ना. लिहायला बसलो की हिंदी होऊन जाते.”

टावर चौकातल्या छपाईवाल्याचा फोन आला, “भैया, मैटर भेजो, दुकान बंद कर रहा हूँ.”

तेवढ्यात श्रुतीला जुन्या कॉम्प्युटरवर दुसरी फाइल दिसली : ‘सुनंदा’. तिला कुलूप नव्हतं. त्या आयसीयूच्या दिवसांतच लिहिलेली, सुनंदाबाईंची निधनवार्ता. परागनं घाईघाईनं नावांची अदलाबदल केली, पत्नीच्या जागी पती केलं आणि पाठवून दिलं. सुनंदाबाई मात्र पडद्यावरची आपली निधनवार्ता पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या.

दहाव्याला राम घाटावर निधनवार्तेच्या छापील पत्रिका वाटल्या. विष्णुपंतांचे मित्र गोपाळकृष्ण यांनी ती दोनदा वाचली : ‘त्यांनी घरात कधी आवाज चढवला नाही. त्यांच्या हातची पुरणपोळी खाल्लेला माणूस त्यांना विसरणार नाही. त्यांच्यावाचून या घरात साधा चहासुद्धा होणार नाही.’

ते चाचरत जवळ आले. “वहिनी, विष्णू पुरणपोळ्या करायचा? इतकी वर्षं ओळखतो, पत्ताच नाही लागू दिला बेट्यानं.”

सुनंदाबाईंनी पदरानं डोळे टिपले.

“मला तरी कुठं लागू दिला, भाऊजी.”