पुराबाहेरचं घर

उद्या खरेदीखत, तर आज गप घरी बसावं, एवढं साधं काम माजी हवालदार लालासाहेब पवारांना जमलं नाही. "शेवटचं एकदा घर तपासून येऊ," असं त्यांनी ठरवलं आणि तिथंच माशी शिंकली.

वास्तविक घर कधीच पास झालं होतं. पास करणारी त्यांची बायको आक्काताई. सांगलीत नदीकाठी भाड्यानं राहून तिनं दोन महापूर काढले होते. दोन्ही वेळेला पिठाचे डबे डोक्यावर घेऊन ती कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर पडली. (लालासाहेब बॅटरी घेऊन पुढे होते. बॅटरी लागत नव्हती, पण ते पुढे होते.) तेव्हापासून तिची अट एकच, घरात पाणी शिरता कामा नये. कुपवाडच्या चढावरचं सम्मेद चौगुलेंचं घर तिला पसंत पडलं ते एवढ्याचसाठी.

सम्मेद आता शेजारीच बांधलेल्या नव्या बंगल्यात राहत होता. त्यानं दोघा नवरा-बायकोला कुलूप काढून दिलं.

"बघा साहेब, कुठंबी बघा. हितं पुराचं पाणी कवा आलं न्हाई, येणारबी न्हाई."

लालासाहेबांची उभी नोकरी इंजिनिअर रेजिमेंटमध्ये गेली होती. (भटारखान्यात. पण रेजिमेंट इंजिनिअरांचीच होती.) त्यामुळे बांधकामातलं आपल्याला कळतं याबद्दल त्यांना शंका नव्हती. त्यांनी भिंतींवर टिचक्या मारल्या, दारं आपटून बघितली. एका खिडकीची कडी त्यांच्या हातातच आली, ती त्यांनी गुपचूप खिशात टाकली. मग ते एकटेच बाथरूममध्ये शिरले.

"फरशीतनं पाणी झिरपतंय का, त्ये तुंबवल्याबिगर कळत न्हाई," असं स्वतःशीच म्हणत त्यांनी खांद्यावरचा हिरवा मिलिटरी टॉवेल मोरीच्या तोंडात कोंबला आणि नळ सोडला. नळ नुसताच फुसफुसला.

"पाणी दिवेलागणीला येतंय, साहेब," सम्मेदनं बाहेरून हाक दिली. "तवर आमच्यात चला. सूर्य मावळायच्या आत जेवावं लागतंय आमा जैनास्नी. तुमीबी दोन घास खावा."

सम्मेदच्या बायकोनं, प्रीतीनं, गरम भाकरी, मुगाची उसळ आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. वर घट्ट दही. एकदा ताटावर बसले की लालासाहेबांना जगाचा विसर पडतो. नळ आणि मोरी तर जगात फार लहान गोष्टी. आक्काताई प्रीतीला विचारत होती, तुळस कुठं लावू, पापड कुठं वाळत घालू. इतकी मोकळी ती कितीतरी दिवसांत हसली नव्हती.

जेवणं झाली. दिवे लागले. कुलूप लावायला म्हणून सगळे परत निघाले. आक्काताई पुढं होती. ती पायरीशीच थबकली.

उंबऱ्यावरून पाणी खाली येत होतं.

"आवं," ती एवढंच म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. लालासाहेबांना ते बघवेना. त्यांना कधी नव्हे तो खराखुरा राग आला.

"सम्मेद! फसवलंस रं गड्या! उंचावरचं घर म्हणलास, आन् हितं जमिनीतनंच झरा फुटलाय! उद्याचं खरेदीखत रद्द!"

सम्मेदचा चेहरा पांढराफटक पडला. "साहेब, देवाशप्पत सांगतो, इतक्या वर्षांत थेंब न्हाई आला!"

"थांब, पुरावाच दावतो तुला!"

लालासाहेबांनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि पाणी तुडवत झऱ्याच्या उगमाकडे निघाले. मागून बाकीचे. बाथरूमचा नळ धो धो वाहत होता. त्यांनी तो बंद केला, मोरीत हात घातला आणि पुरावा ओढून उंच धरला.

पुरावा हिरवा होता. त्यावर पक्क्या शाईनं लिहिलं होतं, 'हवालदार लालासाहेब पवार'.

तुंबलेलं पाणी गुळगुळ करत निघून गेलं. प्रीतीनं तोंडाला पदर लावला. सम्मेद सज्जन माणूस, तो छताकडं बघू लागला.

"मग उद्याचं कसं करायचं, साहेब?" त्यानं छतालाच विचारलं.

साहेबांनी आक्काताईकडं बघितलं. तिनं डोळे पुसले, कोपऱ्यातला खराटा उचलला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

"खरेदीखत उद्याच हुईल," ती म्हणाली. "घरात काय खोट न्हाई. नदीला मागं ठिवून आलो, त्ये झ्याक झालं. पर ह्येस्नी कुठं ठिवू, तेवढं सांगा वैनी."