नासारियोला कडेवर कोणी घेतलं?

शनिवारी सकाळी सासूबाई टर्की आणायला बाहेर पडल्या आणि नासारियोला रिसॉर्टवर नेण्यावाचून इलाज राहिला नाही. नासारियो म्हणजे तेयो आणि रोसेन्दा यांचं चार महिन्यांचं शेंडेफळ, आणि सध्या तरी पहिलंच फळ. एरवी दिवसभर त्याला आजी सांभाळायची. पण रविवारी नातवाचा हेत्समेक, म्हणजे बाळाला पहिल्यांदा कडेवर घ्यायचा माया विधी होता, गाव जेवायला यायचं होतं आणि मसाला अजून भाजायचा होता.

"एक दिवस न्या लेकराला," तेयोच्या सासूबाई दोन्या फिदेन्सिया म्हणाल्या. "पण नीट ऐका, जावईबापू. त्याला धरायचं ते आडवं. कडेवर कोणी म्हणजे कोणीही घ्यायचं नाही."

"माहीत आहे, आई."

"एवढं माहीत असतं तर झोळीची दोरी वाकडी बांधली नसती." त्यांनी डावी भुवई वर नेली आणि नाकातून "हं" असा आवाज काढला. लग्नापासून तेयोच्या प्रत्येक कामाला हाच शेरा मिळत आला होता. टोपी वाकडी, कुंपण वाकडं, भांग वाकडा. बाई वाईट नव्हत्या, पण त्यांच्या डोळ्यात गवंड्याचा ओळंबा होता आणि त्यापुढे तेयो कधीच सरळ ठरला नाही.

त्यांची ताकीद मात्र खरी होती. मुलगा चार महिन्यांचा झाला की धर्मपिता त्याला जन्मात पहिल्यांदा कडेवर घेतो, टेबलाभोवती नऊ फेऱ्या मारतो, त्याच्या हातात एखादी वस्तू देतो, ओठाला घास लावतो. कडेवर घेणाऱ्याचे गुण पोरात उतरतात, आणि उतरतात ते पहिल्यांदा घेणाऱ्याचेच. नंतर साऱ्या गावानं मिरवलं तरी काही उपयोग नाही. म्हणून तेयोनं महिनाभर मागे लागून आबेलार्दो गुरुजींना तयार केलं होतं. गुरुजी शाळेचे मुख्याध्यापक. मोत्यासारखं अक्षर, कधी उशीर नाही, कधी आवाज चढवणं नाही. तेयो स्वतः समुद्रकाठच्या 'निळा जग्वार' रिसॉर्टवर शहाळी सोलायचा. पोराच्या हाती कोयता येऊ नये, पेन यावं, एवढं एकच मागणं त्यानं आयुष्याकडे केलं होतं.

रोसेन्दा रिसॉर्टच्या धुलाईखान्यात कामाला होती. तिथे वाफ फार, म्हणून नासारियोची झोळी तेयोच्या शहाळ्यांच्या खोपटामागे टांगली. झोळी थोडी वाकडीच टांगली गेली. नासारियोनं बापाकडे रोखून पाहिलं. त्याला पोटात गॅस झाला असेल असं तेयोला वाटलं.

दुपारपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग कड्यावरची जुनी देवळं बघायला गेलेली बस परत आली आणि उन्हानं भाजून निघालेले पाहुणे थेट शहाळ्यांवर तुटून पडले. सगळ्यात पुढे मिस्टर डेल. हा लांबलचक गोरा गृहस्थ आठवड्यापासून मुक्कामाला होता. एरवी नाश्त्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत तो पोहण्याच्या तलावाकाठी एकाच कुशीवर झोपायचा, त्यामुळे एका बाजूनं कोळंबीसारखा लाल आणि दुसऱ्या बाजूनं कणकेसारखा पांढरा झाला होता. खोलीची किल्ली रोज हरवायचा. आल्या दिवशी वाळूत उभं राहून त्यानं समुद्र कुठे आहे असं विचारलं होतं.

"मित्र," मिस्टर डेल त्याच्या मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला, "एवढा मोठा मोठा देऊळ बांधला. मग माया लोक एकदम कुठे गेला?"

शेजारी सरबतं बनवणारा वीलो कानूल, आईबापांकडून पुरा माया, त्यानं घड्याळ बघितलं. "दोन वाजलेत. जेवायला गेले असतील."

मिस्टर डेलनं यावर गंभीरपणे विचार केला. तेवढ्यात झोळीतून नासारियोनं भोकाड पसरलं. तेयोच्या एका हातात कोयता, दुसऱ्यात शहाळं, आणि समोर रांग. मिस्टर डेलनं विचारलं, "मी घेतो?" आणि तेयो वर न बघताच म्हणून गेला, "घ्या, साहेब."

बाळाला घेतो म्हणजे आडवं घेतो, असं तेयोच्या डोक्यात. पण मिस्टर डेलच्या एका हातात सरबताचा ग्लास होता. एका हातानं बाळ घ्यायचं तर ते कुठे बसतं हे सांगायला शास्त्र नको.

चार शहाळी सोलून झाल्यावर रडणं थांबल्याचं तेयोच्या ध्यानात आलं. त्यानं वर पाहिलं आणि कोयता वाळूत पडला. नासारियो मिस्टर डेलच्या कडेवर होता. एक पाय पुढे, एक पाय मागे, अगदी ऐसपैस. आणि मिस्टर डेल त्याला घेऊन तलावाभोवती फेऱ्या मारत होता.

"वीलो," तेयो म्हणाला. "किती झाल्या?"

"फेऱ्या? आठ असतील. नाही, ही बघ नववी."

"हातात काय आहे त्याच्या?"

"ग्लासातली कागदी छत्री."

"आणि तोंडात?"

"अननसाची फोड. चाटतोय गुलाम. तेयो, मंत्र सोडला तर सगळं झालं की रे."

मिस्टर डेल तेव्हा गाणंही गुणगुणत होता, हे वीलोनं दयेपोटी सांगितलं नाही. तेयो धावत सुटला, पोर काढून घेतलं, आडवं केलं. पण आता आडवं करून काय उपयोग? आपल्या मुलानं जन्मभर एका कुशीवर झोपून समुद्र कुठे आहे असं विचारायचं. महिनाभराची विनवणी, गुरुजींचं मोत्यासारखं अक्षर, सगळं अननसात बुडालं.

"कोणी पाहिलं नाही," वीलो म्हणाला. "तू बोलू नको, मी बोलत नाही. उद्या गुरुजी घेतील, विषय संपला."

गुपित जेमतेम संध्याकाळपर्यंत टिकलं. रिसॉर्टचा फोटोवाला दिवसभर पाहुण्यांचे फोटो काढायचा आणि सुट्टीच्या वेळी फाटकाजवळच्या मोठ्या पडद्यावर लावायचा. कामावरची सगळी माणसं त्याच फाटकातून बाहेर पडत. रोसेन्दा तेयोसोबत तिथे आली आणि खिळल्यासारखी उभी राहिली. पडद्यावर खोलीएवढा नासारियो मिस्टर डेलच्या कडेवर बसला होता, हातात छत्री. खाली ओळ होती: 'माया संस्कृतीचा जिवंत स्पर्श'.

रोसेन्दा ओरडली नाही, त्यामुळे तेयो जास्तच घाबरला. ती फक्त म्हणाली, "आईला तू सांगायचंस."

घरी जायच्या व्हॅनमध्ये सगळे गावचेच, आणि पोराच्या भविष्यावर चर्चा रंगली.

"वाईट काय त्यात? पैसेवाला होईल."

"पैसेवाला होईल, पण खोलीची किल्ली हरवून बाहेरच उभा राहील."

"झोप तरी लागेल पोराला. माझा रात्रभर जागवतो."

"गुरुजी आता कडेवर घेतील का पण? उष्टं झालं ना पोर."

तेयोनं खिडकीतून बाहेर बघितलं. त्याला उतरून जंगलात जावंसं वाटत होतं.

व्हॅनच्या आधी फोटो गावात पोचला होता. दोन्या फिदेन्सिया अंगणात टर्की साफ करत बसल्या होत्या. तेयो मान खाली घालून उभा राहिला आणि सगळं सांगून मोकळा झाला, 'घ्या, साहेब'सकट. आता काय होतंय म्हणून त्यानं डोळेही मिटले.

"हं," सासूबाई म्हणाल्या. मग टर्कीची मूठभर पिसं उपटली. "होतं असं. हात अडकलेले असतात माणसाचे. उद्याचं ठरल्याप्रमाणे करू."

तेयोनं डोळे उघडले. ही शिवीगाळ नव्हती, टोमणासुद्धा नव्हता. एवढा धक्का तर त्याला फोटो बघूनही बसला नव्हता. बाईंना ताप आलाय का, असं त्यानं रोसेन्दाला हळूच विचारलं.

रविवारी अंगणात टेबल मांडलं. वर वही, पेन, पुस्तक, उकडलेलं अंडं, भोपळ्याच्या बिया. आबेलार्दो गुरुजी इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात वेळेवर आले. त्यांनी हात पुढे केले आणि तेयोनं आडवा नासारियो त्यांच्याकडे दिला. देवानं वाचवलं, असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात दाराशी टॅक्सी थांबली.

टॅक्सीतून आधी एक भलं मोठं पोपटी अस्वल उतरलं, मग मिस्टर डेल, मग ओशाळलेला वीलो. मिस्टर डेलच्या काखेत कालचा फोटो होता, चौकटीत बसवलेला.

"मी बाप आहे," मिस्टर डेल भारावून म्हणाला. "धर्माचा. वीलो सांगितला. मला माया सापडला."

"मी चेष्टेत बोललो रे," वीलो तेयोच्या कानात म्हणाला. "रडायलाच लागला तो. मग कसं नाही म्हणू?"

मिस्टर डेलनं समोर धरलेला फोटो गुरुजींनी चष्म्यातून न्याहाळला, छत्रीपाशी थांबले. मग नासारियो अलगद तेयोच्या हातात परत आला.

"हे काय, गुरुजी? तुमच्याशिवाय कोण आहे मला?"

"तेयो, हा फोटो खरा आहे ना? मग आता कडेवर घेऊन मी फक्त नाटक करीन. मुलाचा धर्मपिता झालाय, तो हा उभा आहे. मला खोटं करायला लावू नकोस."

अंगणात कुजबुज सुरू झाली. तेयोच्या डोळ्यांत पाणी आलं. काल कोयता खाली ठेवला असता तर, एवढंच त्याच्या मनात घोळत होतं. रोसेन्दानं तोंड फिरवलं. मिस्टर डेलला वाटलं आनंदाश्रू आहेत, म्हणून तोही रडू लागला.

आणि त्याच घटकेला चुलीवरचा टर्कीचा रस्सा उतू गेला.

दोन्या फिदेन्सिया एका हातात पळी घेऊन धावल्या. वाटेत तेयो नासारियोला घेऊन मध्येच उभा होता. "सरका हो, पोराला चटका बसेल," म्हणत त्यांनी दुसऱ्या हातानं नातू उचलला, कडेवर टाकला आणि चुलीपाशी जाऊन रस्सा ढवळायला लागल्या. नासारियोनं एक पाय पुढे घेतला, एक मागे, आजीच्या कमरेला घट्ट मिठी मारली आणि सवयीनं पळीचा दांडा धरला. त्यांनी बोटावर रस्सा घेऊन, फुंकून, त्याच्या ओठाला लावला. त्यानं मिटक्या मारल्या. जुन्या घोडेस्वारासारखा बसला होता पठ्ठ्या.

अंगण गप्प झालं. ती शांतता दोन्या फिदेन्सियांना जाणवली. त्यांनी वळून पाहिलं, मग आपल्या कडेकडे पाहिलं, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांचा चेहरा उतरला.

"आई," रोसेन्दा म्हणाली. "हे कधीपासून?"

"झाला असेल महिना."

"महिना?"

"मग काय करू? पोळ्या लाटू, की चूल फुंकू, की पोर आडवं धरून बसू? हात दोनच दिलेत देवानं." त्यांनी पळी आपटली. "चुलीभोवती चार फेऱ्या झाल्या असतील. चाळीस झाल्या असतील. मोजलंय कोणी?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे या साहेबांनी पहिल्यांदा घेतलं नाही."

"नाही."

"आणि मीही पहिल्यांदा घेणार नव्हतो."

"नव्हता. जेवून जा."

मिस्टर डेलला वीलोनं समजावून सांगितलं. तो थोडा खट्टू झाला, पण अस्वल बाळालाच राहू दे म्हणाला. लोकांना भूक लागली होती. बघता बघता टेबलाभोवतीचं अंगण रिकामं झालं. मिस्टर डेलनं डोळे पुसून इकडेतिकडे पाहिलं आणि घाबरून विचारलं, "एकदम सगळा कुठे गेला?"

"जेवायला," वीलो म्हणाला.

तेयो मात्र जागचा हलला नव्हता. मिस्टर डेलचं संकट टळलं म्हणून त्याला आधी हायसं वाटलं होतं. मग बाकीचा हिशोब हळूहळू डोक्यात शिरला. पहिल्यांदा घेणाऱ्याचे गुण उतरतात. गुरुजी जाता जाता त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेले, मयताला आलेला माणूस ठेवतो तसा.

त्यानं ताटात रस्सा वाढून घेतला आणि चुलीपाशी सासूबाईंना द्यायला गेला.

"जावईबापू," दोन्या फिदेन्सिया म्हणाल्या. त्यांचा आवाज आता पूर्ववत झाला होता. "ताट वाकडं धरलंय."

त्यांच्या कडेवरून नासारियोनं ताटाकडे पाहिलं, मग बापाकडे. त्याची डावी भुवई सावकाश वर गेली.

"हं," नासारियो म्हणाला.

तेयोनं निमूटपणे ताट सरळ केलं.