फालतू लाल तार

"ही काय भानगड आहे?" बाईंनी बाल्कनीच्या दारातूनच विचारलं.

गुलाबाच्या कुंडीत दोन सुया खुपसलेल्या होत्या. त्यांच्या तारा कपडे वाळत घालायच्या दोरीला वेटोळे घालत बाई शाळेत न्यायच्या त्या जेवणाच्या डब्यात शिरल्या होत्या. डब्यात आठ पायांची एक काळी चिप बसली होती. शेजारी नवरोबा विजयी मुद्रेने उभे होते.

ह्या गुलाबाला कुणी हात लावलेला बाईंना खपत नसे. आईचं घर विकलं त्या दिवशी कुंपणावरच्या गुलाबाची ही काडी त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. आता ते कुंपण नव्हतं आणि तो गुलाबही. आणि नेमकी आत्ता काडीला पहिली कळी धरली होती.

लेकीचं घर हलवायचं होतं म्हणून दोघं आठवडाभर जाणार होती. पाणी घालायला शेजारच्या काकू एका पायावर तयार होत्या. पण विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर व्हिडिओ बघून इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या माणसाला हे कसं रुचावं?

"माती कोरडी पडली की सुया चिपला कळवणार. चिप बादलीतला पंप सुरू करणार. हिरवा दिवा दिसला की चिप जागी आहे समजायचं. काकूंना कशाला त्रास?"

"आणि एवढ्या तारा? टॉवेल कुठे वाळत घालू, तुमच्या डोक्यावर?"

नवरोबांनी हे भलतंच मनावर घेतलं. एकेक तार उपटून बघितली. काळी काढली तर दिवा गेला, ती परत लावली. मग लाल काढली. दिवा ढिम्म हलला नाही.

"बघ! ही फालतूच होती. तुझं म्हणणं कधीकधी बरोबर असतं."

बाईंनी ती तार उचलली आणि वाकलेला गुलाब काठीला बांधून टाकला. त्या पसाऱ्यातलं काहीतरी उपयोगी पडलं.

मग चाचणी सुरू झाली. कुंडीला पाणी घालायला बाईंना सक्त मनाई होती. दुसऱ्या दिवशी दुपारी पानांनी माना टाकल्या आणि दिवाही विझला.

"अहो, तुमचं यंत्र मेलं!"

"सुया नीट बसल्या नसतील." नवरोबांनी तांब्याभर पाणी कुंडीत ओतलं. दिवा झटकन लागला. "बघ, ठणठणीत आहे!"

पुढे रोज हेच. माती सुकली की दिवा जायचा, नवरोबा तांब्या घेऊन धावायचे, दिवा यायचा.

"पण पंपातून थेंब तरी आलाय का?" बाईंनी वैतागून विचारलं.

"गरजच पडली नाही! हेच तर यश आहे."

बाईंनी कपाळाला हात लावला. निघायचा दिवस उजाडला तरी यंत्राचा हा लहरीपणा गेला नाही. आपण दोघं गेलो आणि दिवा विझला तर कळीचं काय, ह्या काळजीने बाईंचा पाय घरातून निघेना. शेवटी नवरोबांनीच बॅग खाली ठेवली.

"तू हो पुढे. यंत्राला अशा अवस्थेत सोडून मला येववणार नाही."

लेकीकडे पोचल्या पोचल्या बाईंनी सगळा राग ओकला आणि फोनमधला डब्याचा फोटो दाखवला. लेकीने तो मोठा करून बघितला आणि ती हसत सुटली.

"आई, अगं चिपच्या ह्या पायातून तिला वीज मिळते. तिथली तारच काढलीय बाबांनी! आता सुयांच्या तारेतून जी थोडीफार वीज येते, त्यावर ती तग धरून आहे. माती ओली असली की वीज येते. कोरडी पडली की चिप बेशुद्ध."

"म्हणजे पाणी घालायची वेळ आली, की हिला झोप?"

"अगदी."

"तुमच्या घराण्यातलीच दिसतेय."

तेवढ्यात फोन वाजला. नवरोबा धापा टाकत होते. "अगं, पुन्हा झोपली होती. घातलं पाणी, उठली. आणि ऐक ना, कळीचा रंग दिसायला लागलाय. गुलाबी आहे!"

आईच्या कुंपणावरचा गुलाब तसाच होता. लग्न झाल्यापासून ह्या माणसाने एकाही झाडाला आपणहून पाणी घातलेलं बाईंना आठवत नव्हतं.

"बाबांना सांगू का लगेच?" लेकीने फोनकडे हात पुढे केला. "एका मिनिटाचं काम आहे. ती लाल तार कुठाय?"

बाईंनी फोनवर तळहात दाबून धरला.

"गुलाबाला बांधलीय," त्या हळूच म्हणाल्या. "मी घरी जाईपर्यंत तिथेच राहू दे."