लाल, हिरवी, निळी मेंढरं

पुण्यात राहून अणूच्या पोटातलं संशोधन करणाऱ्या रोहिदासला एका गोष्टीची पक्की खात्री होती: आपला विषय आपण मेंढरांनासुद्धा समजावू शकतो. माणसांना तो समजत नव्हता, हा भाग वेगळा. सरांनी पुढच्या सेमिनारला सोपं उदाहरण आणायला सांगितलं, आणि हा गडी मित्राचा रोलचा कॅमेरा गळ्यात अडकवून थेट वरवंडला मेंढपाळ बिरदेवमामांकडे येऊन थडकला.

विषय असा. प्रोटॉनमध्ये तीन क्वार्क असतात. शास्त्रज्ञ त्यांना लाल, हिरवा, निळा म्हणतात, आणि ते तिघं दोरीनं बांधल्यासारखे एकत्र राहतात. पण खूप प्रोटॉन एका जागी दाबून दाबून बसवले, तर कोण कुठल्या तिघांतला हे उरतच नाही; क्वार्क मोकळे होतात. आता मामांच्या मेंढरांच्या पाठीवर लाल खूण, त्यांच्या सोबतीच्या मेंढपाळांपैकी दगडोबाआप्पांच्या हिरवी, जयसिंगच्या निळी, आणि तिन्ही कळप खतासाठी एकाच कांद्याच्या रानात बसलेले! रोहिदासला वाटलं, निसर्गानंच आपला प्रबंध मांडून ठेवलाय. तिन्ही रंगांची मेंढरं एकत्र दाटीनं बसवून त्यांचे फोटो काढायचं त्यानं ठरवलं.

आप्पा मात्र नाखूश होते. त्यांची मेंढरं दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याच्या टेंपोत चढायची होती. मिसळली तर काय करायचं, असं ते पुन्हा पुन्हा विचारत होते.

"माझा शब्द हाय," मामा म्हणाले. "पोरगं शिकलेलं हाय. येकबी मेंढरू इकडचं तिकडं व्हणार न्हाई."

फोटोत उठून दिसावं म्हणून रोहिदासनं जुन्या खुणांवर ताजा रंग सढळ हातानं फासला. मग एक लाल, एक हिरवं, एक निळं अशी तीन-तीन मेंढरं सैल दोरीनं जोडून त्यानं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, घातली आणि जाळी आत आत सरकवत नेली. मेंढरं अंगाला अंग घासू लागली. त्यानं दोऱ्याही सोडून टाकल्या.

"बघा मामा," तो ऐटीत म्हणाला, "आता कोण कुनाचं ते उरलं न्हाई."

मामांनी वाकून बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. ते अगदी खरं होतं. ओला रंग एकमेकांच्या लोकरीला लागून सगळी मेंढरं एकजात शेणकट झाली होती.

मामांनी आप्पा आणि जयसिंगच्या सोबतीनं वर्षानुवर्षं कळप चारले होते. आता त्यांच्यावर मेंढरं लाटल्याचा आळ येणार, आणि तोही भाच्यापायी! तोवर आप्पा आत घुसून दिसेल ती गुबगुबीत मेंढी आपली म्हणू लागले होते. जयसिंगही नेमक्या त्याच धरत होता. एका मेंढीचं तोंड आप्पांच्या हातात, मागचे पाय जयसिंगच्या हातात! रोहिदास मामांजवळ गेला.

"मामा, माझ्यापायी तुमचा शब्द गेला."

मामांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "जाळी काढा," ते म्हणाले. "तिघं तीन वाटंला जाऊ आन् हाळी देऊ."

तीन बाजूंनी तीन निराळ्या हाळ्या उठल्या. मेंढरं हलेनात. रोहिदासचा जीव टांगणीला लागला. मग तो गठ्ठा मधूनच फुटला आणि मेंढरं आपापल्या धन्याकडे पळत सुटली. भांडणातली मेंढी जयसिंगकडे गेली. आप्पा म्हणाले, ती त्यांना मुळातच आवडली नव्हती.

रोहिदासनं सुटकेचा निःश्वास सोडला, तर रानाच्या मध्यभागी एक म्हातारी, लंगडी, खरजेनं लोकर झडलेली मेंढी तशीच उभी. आप्पांनी पाठ फिरवली. जयसिंगला बिडी पेटवायची आठवण झाली.

"माझी न्हाई बा," मामा म्हणाले. "ज्याची त्याला मिळाली, माझा शब्द ऱ्हायला. ही उरली ती तुझी."

सुटा, एकटा क्वार्क आजवर जगात कुठल्याच शास्त्रज्ञाला सापडलेला नाही. रोहिदासला सापडला, आणि लंगडत लंगडत त्याच्यामागं एस.टी.च्या थांब्यापर्यंत आला.

"ही कुनाची?" कंडक्टरनं दारातून विचारलं.

रोहिदासनं मान दुसरीकडे वळवली.